गुंगीचं पाणी

कारवार, रविवार

प्रिय माय,

तर मग तुझं खरं, माझं खोटं, आन त्या सिद्धाप्पाचं सगळ्यात खरं. असंच ना? जत्रेच्या निमित्तानं तो गावाला काय गेला, आईपुढं बसून चार गप्पा काय ठोकल्या, आन तू पोटच्या पोरापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवलास. मी फोन केला की तू नुसतं 'हं' म्हणतीस आन फोन पंचशीला अक्काच्या हातात देतीस. गेल्या महिन्याचे पैसे पाठवले, तर अक्कानं तुझ्या सांगण्यावरून ते परत माझ्याच फोनवर टाकले. तो मेसेज आला तवा मी खाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत उभा होतो. लोकांच्या माया पोरं पैसे पाठवत न्हाईत म्हणून रडतात, माझी माय पाठवले म्हणून रुसती. फोनवर तू ऐकून घेईनास म्हणून लिहायलोय. अक्का, तू हे शेवटपर्यंत वाच. मधलं काही गाळू नको. माय उठून चुलीकडं गेली तर तिच्या मागं जाऊन वाच.

तू म्हणशील, ह्या पोराला एक काम धरून ठेवता आलं न्हाई, आता शेवटी कशाला धरलं तर ह्याला. व्हय, न्हाई ठेवता आलं. सातवीत शाळा सोडली तवापासून एका जागी माझं बूड टेकलं न्हाई. अप्पांनी गुलबर्ग्याला ते स्वतः कामाला होते त्या डाळमिलात चिकटवलं, तिथं तुरीच्या भुकटीनं जीव घाबरा व्हायचा. मग हैदराबादला हॉटेलात, तिथून पुणे, आन पुण्यात असताना सिद्धाप्पाचा फोन आला की कारवारला रस्त्याचं काम निघालंय, ये. आलो. मुकादम आमची मजुरी घेऊन पळाला. परत यायला तिकिटाचे पैसे नव्हते, तवा विजयश्री मॅडम भेटल्या. बाई आपल्या गुलबर्ग्याच्याच. समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास करतात. ओहोटीला खाडीत उतरून चिखल काढायला त्यांना माणसं पाहिजे होती. इथली पोरं बोटीवर जातात, चिखल उपसायचं म्हणलं की हसतात. मी आन सिद्धाप्पा काळ्या रानातले, आम्हाला चिखलाचं काय नवल? ही सगळी कहाणी तुला ठाऊक हाय, तरी लिहितो, कारण तू सारखी म्हणतीस की हे काम मी हौसेनं शोधून काढलं.

किडे म्हणजे तुला गांडुळं वाटतात. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. चिखल चाळणीत घेऊन पाण्यानं धुतला की खाली काहीतरी वळवळत राहतं, बघून अंगावर काटा येतो. पण मॅडमनी त्यातला एक काचेच्या ताटलीत खाऱ्या पाण्यात सोडला आन मला भिंगातून बघायला लावलं. माय, काय सांगू तुला. अंगाला कड्यावर कडं, आन एकेका कड्याला दोन्हीकडून इवले इवले पाय, पायाला केसांचे झुबके. उजेड पडला की ते केस निळे-हिरवे चमकतात, लग्नातल्या शालूच्या काठावानी. तोंड एरवी आत असतंय. बाहेर काढतो तवा मोजा उलटा करावा तसं उलटून येतं, टोकाला दोन काळे आकडे, आन बाजूला बारके बारके दात. मॅडम त्या दातांची मांडणी बघतात, पायाचे केस बघतात, आन हा कोण, कुणातला, ते ठरवतात. किडा मारून औषधाच्या बाटलीत ठेवायचा, आन मग दिवस दिवस मान खाली घालून तेवढंच. कूळ कंचं, जात कंची. हे शब्द कानावर पडले तवा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या बघ. म्हणलं, समुद्राच्या तळाला पण हे पोचलं का? सरळच विचारलं, की मॅडम, ह्यातला वरचा कोण आन खालचा कोण? त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, ह्यात वर-खाली न्हाई प्रेमानंद, कोण कुणाच्या नात्यातला एवढंच बघायचं. उद्या ही खाडी कुणी बुजवली तर इथं कोण राहत होतं हे सांगायला नाव तर पाहिजे. ज्याला नावच न्हाई त्याच्या जाण्याची बातमी कुणाला लागंल?

ते मला पटलं. कामून पटलं ते तुला सांगायला नको. आज्याला गावानं जे नाव ठेवलं होतं ते तू आमच्यासमोर कधी तोंडातून काढलं न्हाईस. आन आमची नावं ठेवायची वेळ आली तवा विहारात बसून, चार जाणत्यांना विचारून ठेवलीस. मी तुला हेच फोनवर सांगितलं, वाटलं आता तरी खूश होशील. तर तू काय म्हणालीस? 'नाव द्यायला आधी मारायचं कामून? नाव जित्याला देतात रे.' मला राग आला. मीही बोललो, की रविवारी बाजारातून मटण येतं तवा जीव मारायचा न्हाई हे पहिलं शील कुठं जातं, पातेल्यावरचं झाकण लावलं की दिसत न्हाई का? लई बोललो त्या दिवशी. तू शांतपणे ऐकलंस आन म्हणालीस, 'पोटासाठी मारलं तर पोट कधीतरी बस म्हणतंय. तुझी बाटली कधी बस म्हणंल?' मी रेंज गेल्यासारखं केलं आन फोन ठेवला. त्या महिन्यात तू पैशाला हात लावला न्हाईस.

मग पुढच्या फोनला मी तुला गुंगीच्या पाण्याचं सांगितलं. ते सांगितलं आन तू निवळलीस.

ती रीत खोटी न्हाई माय, ती खरीच हाय. चाळणीतून निघालेले किडे आधी समुद्राच्याच पाण्यात ताटलीत ठेवायचे. मग दुसऱ्या बाटलीतलं एक पाणी थेंब थेंब सोडायचं. त्यात एक वेगळं मीठ असतंय, खायचं न्हाई. त्यानं किड्याला गुंगी येती. एकदम ओतायचं न्हाई, दचकतो. ताटलीवर झाकण ठेवून सावलीत बसायचं. मधून मधून मऊ ब्रशच्या टोकानं हळूच हात लावून बघायचा. हलला तर अजून थांबायचं. अजिबात हलला न्हाई की मगच फॉर्मालिन. फॉर्मालिन म्हणजे ते डोळे झोंबणारं औषध, त्यात अंग सडत न्हाई. झोपवून टाकलं तर किडा सरळ राहतो, तोंड बाहेर येतं, दात मोजता येतात. न झोपवता टाकला तर पिळवटतो, तुटतो, तुकडे तुकडे होतो, आन मग त्याचा कुणालाच उपयोग न्हाई. हे सगळं मी तुला सांगितलं. तू विचारलंस, 'खरंच झोपवतोस? हात लावून बघतोस?' मी म्हणलो, व्हय माय, लेकरू झोपल्यावर आपण बघतो तसं. मग म्हणालीस, 'बरं. मग नीट बघत जा, घाई करू नको.' त्या महिन्याचे पैसे तू घेतलेस. त्याच्या पुढच्याही. अक्कानं सांगितलं की तू तिची शिलाई मशीन दुरुस्त करून घेतलीस.

आता सिद्धाप्पा. तो गावाहून परत आला तवा मी त्याची कॉलर धरली. म्हणलं, कामून रे बोललास गावात? तो म्हणाला, आमच्या आईनं विचारलं, पोरं काय काम करायलेत, मी सांगितलं. त्याच्या आईला, बाणूबाईला, एक गोष्ट सांगितली की ती बोअरवेलवर गेल्याशिवाय तिच्या पोटात राहत न्हाई, हे आपल्या आख्ख्या राजेश्वर गावाला ठाऊक हाय. आन ह्यानं तिला सांगितलं काय, तर 'प्रेमा किडे कसा टाकतो, कढईत भजी सोडावीत तसा. टाकलं, झाकण लावलं, पळाला व्हॉलीबॉल खेळायला.' मी हात उगारला. तो जागचा हलला न्हाई. म्हणाला, 'मार की. पण आधी मी ह्यात खोटं काय बोललो तेवढं सांग.'

माय, मी हात खाली घेतला.

रीत तशी हाय. मी तसं करत नव्हतो. पहिले काही दिवस केलं, मॅडम शेजारी होत्या तवर, आन फॉर्मालिन त्याच ओतायच्या. मग त्या आतल्या खोलीत भिंगापाशी बसायला लागल्या आन ताटल्या माझ्याकडं सोपवल्या. तुला तर माझं ठाऊक हाय, भात शिजेपर्यंत मला चुलीपुढं बसवत न्हाई. इथं तासभर एका ताटलीपुढं बसायचं, तेही काही न करता, नुसतं कुणाच्या तरी झोपेची वाट बघत. समोर किनाऱ्यावर पोरं खेळायची, त्यांचा आवाज यायचा, माझे पाय आपोआप हलायचे. एक दिवस गुंगीचं पाणी घातलं न्हाई. सरळ फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले आन झाकण लावलं. काही झालं न्हाई, कुणी विचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तीच माझी रीत झाली. झाकण लावलं की मी तोंड फिरवायचो. बाटली हातात असली तर थोडा वेळ थरथरल्यासारखी लागायची, म्हणून लगेच खाली ठेवायचो. आन त्याच हातानं संध्याकाळी तुला फोन लावायचो. तू विचारायचीस, 'आज झोपले का रे नीट?' मी म्हणायचो, झोपले माय.

सिद्धाप्पानं एकदा विचारलं होतं मला, हसतच, की आमच्या देवाला एक बकरं कापलं तर पंचवीस माणसं जेवून उठतात, तुझ्या बाटलीवर कोण जेवतंय? मी त्याला मॅडमचं ऐकवलं, नाव, नातं, खाडी, सगळं. मोठ्या माणसासारखं बोललो. पण माझ्या बाटल्यांत नाव द्यायला शिल्लक राहायचंच काय? तुकडे. ज्याच्यासाठी मारलं म्हणून मी तुझ्याशी भांडलो, तेही त्यातून होत नव्हतं. नुसतं मारणं राहिलं होतं.

आन हे मॅडमना कळलं. कळायचंच होतं. खाडीच्या तोंडापाशी एक लांबडा किडा मिळतो, त्याची त्या वर्षभर वाट बघत होत्या. आधी मिळाले ते अर्धेमुर्धेच होते, कुणाला तोंड न्हाई तर कुणाला शेपूट. तो वेगळ्या जातीचा हाय का ते सांगायला अख्खा पाहिजे होता. तो अख्खा मिळाला, माझ्याच चाळणीत. मी ओरडलो, त्या धावत आल्या, बघितलं आन लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग त्यांना कुणाचा तरी फोन आला, मला म्हणल्या, नीट झोपव हं ह्याला. आन मी हातातल्या सवयीनं बाकीच्यांसोबत त्यालाही बाटलीत टाकला. मुद्दाम न्हाई गं. हात आपला चालला. टाकल्यावर कळलं कोण टाकला. तवर बाटलीत तो गाठ मारल्यासारखा झाला होता, आन मग सुटला, तो तुकड्यांनीच.

दुसऱ्या दिवशी मॅडम ती ताटली घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं आता कामावरून गेलो. मनात सामान पण बांधलं होतं मी, खरं सांगतो, पळून जायला मला किती वेळ लागतो? त्यांनी एक साधा किडा, रोज मिळणारा, पाण्यात सोडला, माझ्यापुढं ठेवला, आन म्हणल्या, 'कूतको.' आपल्या कन्नडमधलं 'बस' ते. स्वतःही समोर खुर्ची घेऊन बसल्या.

मी थेंब सोडायला लागलो. बराच वेळ तो ताटलीभर फिरत होता. त्याचे पाय एकदम हलत न्हाईत, एकामागं एक हलतात, ज्वारीवरून वारं जावं तशी लाट जाती अंगावरून. माझा गुडघा हलायला लागला. मॅडमनी गुडघ्याकडं बघितलं. मी थांबवला. मग लाट बारीक झाली. शेपटीकडचे पाय राहिले, मग मधले. तोंड आपोआप बाहेर आलं, सैल पडल्यासारखं, ते दोन काळे आकडे उघडे. मी म्हणलो, झालं. मॅडम म्हणल्या, हात लाव. ब्रश लावला तर डोक्याजवळची एक मिशी एवढीशी हलली. त्या म्हणल्या, न्हाई झालं. परत बसलो. बाहेर पोरं ओरडत होती आन मला पहिल्यांदा ती ऐकू येत नव्हती. शेवटी मिशी पण राहिली. मी मॅडमना विचारलं, ह्याला आता दुखत न्हाई ना? मला वाटलं होतं त्या न्हाई म्हणतील, मी तुला म्हणलो तसं. त्या म्हणल्या, 'मला माहीत न्हाई. कुणालाच नक्की माहीत न्हाई. म्हणून तर थांबायचं.' आन फॉर्मालिन माझ्याकडं सरकवलं. ओतलं मी. माय, एवढे दिवस हे काम करून मी एकालाही मरताना बघितलं नव्हतं. झाकणं लावत होतो नुसती.

त्या दिवशी जेवलो न्हाई. पण पळूनही गेलो न्हाई. तेव्हापासून ताटलीपुढं बसायलोय. पाय हलतात अजून, पण बसतो. तुझा सवाल मात्र तसाच हाय, बाटली कधी बस म्हणंल त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई. मॅडमना विचारलं तर त्या म्हणल्या, तुझ्या आईला म्हणावं मी पण रोज हेच विचारते स्वतःला. आता त्या एका जागेवरून लागतील तेवढेच ठेवतात, बाकीचे आम्ही परत चिखलात सोडतो. तू आमच्या कामाला बरं म्हण असं मी म्हणायलो न्हाई. तो तुझा हक्क हाय.

मग हे एवढं लांबलचक कामून लिहिलं, तर परवा अक्काचा फोन आला म्हणून. तिनं तुझ्या माघारी सांगितलं, तिच्यावर रागावू नको. विहारात एवढी वर्षं तू पुढं बसून शीलं म्हणतीस आन बाया तुझ्या मागं म्हणतात. माझ्यावर सगळ्या बोलायल्या तवा तूच उभी राहून सांगितलंस की माझा लेक त्यांना झोपवतो, हात लावून बघतो, त्यांना दुखू देत न्हाई. आन सिद्धाप्पाची गोष्ट गावात आल्यावर पौर्णिमेला कुणीतरी तुला विचारलं, 'विमलबाई, आज कुणाला झोपवायलाय तुमचा लेक?' शीलं म्हणताना चौथं आलं, खोटं न बोलायचं, तवा मागून कुणीतरी मुद्दाम खोकलं. तेव्हापासून तू दाराजवळ बसतीस म्हणं, आन पुढं दुसरी बाई म्हणती. मला वाटत होतं तू पहिल्या शीलासाठी रुसलीस. मी किड्यांचे हिशोब करत बसलो, आन तुझ्या तोंडून मी सगळ्यांसमोर खोटं वदवलं होतं. तू मला हे एका शब्दानं बोलली न्हाईस. फोन अक्काला दिलास, बस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

म्हणून अक्का, हे पत्र घरी वाचून ठेवून देऊ नको. येत्या पौर्णिमेला विहारात घेऊन जा आन उभं राहून सगळ्यांसमोर वाच, भज्यांचं पण वाच, लाजू नको. बायांना सांग की विमलबाईनं जे सांगितलं ते तिच्या लेकानं तिला तसंच सांगितलं होतं. तिनं ऐकलं ते सांगितलं. खोटं तिचं न्हाई, माझं हाय, आन मी ते सही करून लिहून दिलंय. खोकायचं असंल त्यांनी माझ्या नावानं खोकावं. मायला हाताला धरून पुढं बसव. ती न्हाई म्हणंल, तरी बसव. आन माय, पैशाचं म्हणशील तर परत आलेले तसेच पडू दे, ते मी तुला परत पाठवायलो न्हाई, त्यांना तू हात लावावा असे ते न्हाईत. ताटलीपुढं बसून वाट बघितली तेवढ्याच दिवसांची मजुरी अक्काच्या फोनवर टाकायलोय. लई न्हाई, दोन हजार सातशे रुपये.

तुझाच,
प्रेमानंद